बदल्यांच्या फायलीतून वर आलेला हुकूमशहा

हुकूमशहा म्हटलं की रणगाडे आणि गर्दीपुढची भाषणं आठवतात. स्टालिनला यातलं काही लागलंच नाही. एप्रिल १९२२ मध्ये तो रशियन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला, तेव्हा ते पद कारकुनी समजलं जाई. लाल सेना उभारणारा, सभा गाजवणारा ट्रॉट्स्की कुठे आणि नेमणुका-बदल्यांची कार्डं लावत बसलेला हा माणूस कुठे!

ग्यानबाची मेख त्या कार्डांतच होती. ठिकठिकाणचे पक्षसचिव त्याच्या कचेरीच्या शिफारशीने नेमले जात. अधिवेशनाला कोण जाणार यावर या सचिवांचं वजन असे. अधिवेशनात मध्यवर्ती समिती निवडली जाई आणि ती समिती सरचिटणीस नेमी. मतदान अगदी रीतसर. फक्त हात वर करणारे आधीच निवडून ठेवलेले. राज्यशास्त्रात याला ‘सत्तेचा वर्तुळाकार प्रवाह’ म्हणतात.

पक्षाचा सर्वोच्च नेता, आजारी लेनिन याला हे उमगलं होतं. स्टालिनला त्या पदावरून हलवा, असं त्याने जानेवारी १९२३ मध्ये लिहून घ्यायला लावलं. त्याच्या मृत्यूनंतर, मे १९२४ मध्ये ते पत्र प्रतिनिधींना वाचून दाखवलं गेलं. तरी झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह या पक्षातल्या बड्या नेत्यांनी स्टालिनला सांभाळून घेतलं, कारण त्यांना भीती ट्रॉट्स्कीची होती. १९३६ मध्ये स्टालिनच्याच राजवटीत दोघांनाही गोळ्या घातल्या गेल्या. हुकूमशहाला शिडी लागते ती बहुधा अशा हुशार माणसांचीच.

सत्ता हाती आल्यावर मात्र वेगळाच पेच पडतो. सगळेच घाबरलेले असले की खरं सांगणार कोण? जानेवारी १९३७ च्या जनगणनेत सोव्हिएत संघाची लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लाख भरली. सरकारी अंदाज यापेक्षा कितीतरी मोठा होता. १९३२-३३ च्या दुष्काळात माणसं मेली होती, ती आकड्यांत कुठून येणार? अहवाल दडपला गेला, जनगणना करणारे अधिकारी तुरुंगात गेले. त्यानंतर कुठल्या सांख्यिकीतज्ज्ञाने खरा आकडा वर पाठवला असता?

१ मार्च १९५३ ला स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. बोलावल्याशिवाय आत जायची पहारेकऱ्यांची छाती होईना. रात्री उशिरा कुणीतरी आत गेलं, तर तो जमिनीवर पडलेला. डॉक्टर आले दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही नवखे. त्याचा नेहमीचा डॉक्टर त्याच्याच हुकमाने गजाआड होता.