अपॉस्ट्रफी

अपॉस्ट्रफी : इंग्रजी लेखनातील स्वल्पविरामाच्या आकाराचे, पण ओळीच्या वरच्या अंगाला दिले जाणारे चिन्ह. गाळलेल्या अक्षराची जागा आणि नामाची षष्ठी ते दाखवते. यांतले पहिले काम संस्कृतात अवग्रह करतो (‘कोऽपि’). मराठीने इंग्रजीतून बहुतेक विरामचिन्हे घेतली. हे घेतले नाही. चा-ची-चे असताना षष्ठीसाठी त्याची गरजही नव्हती.

शब्द मूळचा ग्रीक, इंग्रजीत फ्रेंचमार्गे आलेला. फ्रेंच छपाईत या चिन्हाचा पुरस्कार फ्रेंच मुद्रक झोफ्रुआ तोरी यांनी १५२९ मध्ये केला. इंग्रजी छपाईत ते साधारणपणे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले असावे.

षष्ठीत ते कसे शिरले, याविषयी मतभेद होते. ‘राजाचा’ या अर्थी ‘द किंग हिज’ (राजा त्याचा) यातील ‘हिज’ आखडून केवळ एस उरला, हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. इंग्रज निबंधकार ॲडिसन यांनी १७११ मध्ये तसेच लिहिले आणि ‘हर’लाही त्यात गोवले, ‘हर’मधून एस कसा निघावा, हा प्रश्नच आहे. कोशकार जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात आक्षेप घेतला, की स्त्रीवाचक नामांनाही हाच एस लागतो, तेथे ‘हिज’ कोठून येणार? प्राचीन इंग्रजीतील ‘-एस’ या षष्ठीप्रत्ययातला स्वर लोपला व त्या लोपाची खूण राहिली, हे मत आता ग्राह्य धरतात. म्हणजे षष्ठीचे चिन्हही मुळात लोपाचेच. अनेकवचनी षष्ठीत ते एसनंतर देण्याचा नियम बराच उशिरा स्थिरावला.

‘इट’ची षष्ठी ‘इट्स’ हिला आज चिन्ह लागत नाही. अठराव्या शतकात मात्र ते सर्रास आढळते. चिन्ह दिले की अर्थ ‘इट इज’ होतो. ‘द कंपनी अँड इट्स डायरेक्टर्स’ यात ते चुकून पडले, तर ‘कंपनी आणि ती आहे संचालक’ असे काहीतरी होते. उच्चार एकच असल्याने ही चूक मोठ्याने वाचून सापडत नाही.

करार व औपचारिक अहवालांत ‘डोन्ट’, ‘कान्ट’ असे संक्षेप टाळण्याचा प्रघात आहे. पत्रव्यवहारात तो सैलावला आहे. अमेरिकेच्या संघीय शासनाची सोप्या भाषेची मार्गदर्शिका संक्षेपांना अनुकूल आहे. ब्रिटिश शासनाची लेखनसंहिता मात्र नकारार्थी संक्षेप टाळायला सांगते, कारण घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नकारच निसटतो.