चाकाचा स्टड (अवजड ऑफ-रोड गाड्यांचा)

चाकाचा स्टड म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) किंवा ड्रमच्या फ्लँजमध्ये, म्हणजे कडेच्या चकतीत, मागून दाबून बसवलेला आटेवाला दांडा, त्यावर रिम चढते आणि बाहेरून नट आवळतात. गॅरेजात याला सरसकट 'व्हील बोल्ट'च म्हणतात, पण खरा व्हील बोल्ट वेगळा, बऱ्याच युरोपियन गाड्यांत आटे हबमध्ये असतात आणि बोल्ट बाहेरून फिरवतात. चिखलात, दगडात चालणाऱ्या गाडीला स्टडच सोयीचा, कारण आटे मेले तर दांडा बदलून भागतं, हब टाकून द्यावा लागत नाही.

स्टड निवडताना सगळ्यात मोठा गैरसमज असा की चाक स्टडवर 'टांगलेलं' असतं, म्हणून दांडा जितका जाड आणि कडक तितका चांगला. तसं नाहीये. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर दाबून धरली जाते, जोर पुढे जातो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणातून. लँड क्रूझर ७० मालिकेतल्या पाच स्टडवाल्या गाडीचं बघू. स्टड एम १४ (म्हणजे व्यास १४ मिमी), पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी, पाचही स्टड १५० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. नट साधारण २१० न्यूटन-मीटरला आवळला की एका स्टडवर ७५ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे साडेसात टनांचा ताण येतो. घर्षणांक ०.१५ धरला तर पाच स्टड मिळून ४.२ किलोन्यूटन-मीटरचा पीळ न घसरता पेलतात. आता उतारावर गाडी कलली, एकाच चाकावर १२०० किलो आले, टायरची त्रिज्या ४० सेमी आणि जमिनीची पकड ०.८, तर त्या चाकावर पीळ येतो ३.८ च्या आसपास. म्हणजे नीट आवळलेलं असेल तर कसंबसं पुरतं, आणि ताण निम्म्यावर आला की रिम हबवर सरकायला लागते, मग स्टड वाकवला जातो, सुटतो, वाकवला जातो, आणि काही दिवसांनी मुळाशी तुटतो. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर तो एका दणक्यात तुटलेला नाही, थकून तुटलाय असं समजावं.

उलट्या आट्यांचा वाद. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला हे होतं, क्रायस्लरने तर साधारण १९७० च्या आगेमागे हे सोडलं, आणि गोलाकार बैठकीचे नट वापरणाऱ्या बड (चाकं बनवणारी अमेरिकी कंपनी) पद्धतीच्या ट्रकांवर डावीकडे उलटे आटे ही रीतच होती. (माहीत नसलेला माणूस चार फांद्यांच्या पान्यावर उभा राहून नट सोडवतोय असं समजून आवळत बसतो, आणि दांडा पिळून तोडतो.) कारण काय, यावर दोन मतं आहेत. पहिलं जुनं मत म्हणजे परिवलनाचं: रिमचं भोक नटापेक्षा किंचित मोठं, चाक फिरताना भाराची दिशा भोकाभोवती फिरत राहते, त्यामुळे नट भोकाच्या कडेवर केसभर घरंगळतो, आणि डाव्या बाजूला ही घरंगळ सुलटा नट सोडवणारी ठरते. दुसरं मत जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांच्या १९६९ च्या प्रयोगांवर उभं आहे. जोड आडवा सरकला की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि ताणलेला बोल्ट आट्यांच्या उतारावरून आपोआप उलगडतो, मग आटे सुलटे असोत की उलटे.

पहिल्या मतापुढची अडचण तारांच्या चाकांपासून सुरू होते. रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या एकाच मोठ्या मध्यनटाच्या चाकांना उलटे आटे उजव्या बाजूला असतात, म्हणजे स्टडवाल्या रीतीच्या बरोब्बर विरुद्ध. परिवलनवाले म्हणतात की तिथे शंकूची जोडणीच वेगळी, त्यामुळे दिशा पलटते, आणि हे पटण्यासारखं आहे. त्यांच्या बाजूने अजून एक गोष्ट सांगतात ती म्हणजे ब्रिटनमध्ये ट्रकची निखळणारी चाकं मुख्यतः डावीकडची, मागची असतात, पण तिथे डावी बाजू फुटपाथकडची, खड्ड्याची, रस्त्याच्या उताराची पण आहे, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नव्या हब-पायलटेड ट्रकांना, जिथे चाक हबच्या कड्यावर बसतं आणि नट सपाट वॉशरचा असतो, दोन्हीकडे सुलटेच आटे असतात आणि ती पद्धत जगभर चालते. तेव्हा ताण पुरेसा ठेवा, आट्यांची दिशा दुय्यम, याकडेच पारडं झुकतं. जुन्या जीपवर मात्र जे आहे तेच ठेवावं, अर्धे उलटे अर्धे सुलटे ही सगळ्यात वाईट अवस्था.

निवडताना व्यास आणि पिच आधी. ताण पेलणारं क्षेत्रफळ एम १२ × १.५ ला ८८, एम १४ × १.५ ला १२५ आणि ट्रकच्या एम २२ × १.५ ला ३३३ चौरस मिमी, म्हणजे १२ वरून १४ वर गेलं की ४० टक्क्यांहून जास्त वाढ. पिच मात्र नजरेला फसवतो. विलिस जीपचं स्टड-वर्तुळ साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी, आणि सुझुकी जिमनीचंही तेच, त्यामुळे रिमा इकडच्या तिकडे होतात आणि सोबत नटही. जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, आपल्या भाषेत चार सुती, इंचाला २० आटे म्हणजे पिच १.२७. जिमनीचा एम १२, पिच १.२५. जीपचा नट जिमनीच्या स्टडवर बोटाने सरसर चढतो, म्हणून माणूस खूश होतो, पण नट ०.७ मिमीने ढिला आहे, आटे फक्त टोकाटोकाला धरतात आणि आवळताना किंवा पहिल्याच चढावर उडतात. उलट, सुझुकीचा नट जीपच्या स्टडला चढतच नाही, ते बरं.

दर्जा डोक्यावर कोरलेला असतो. १०.९ म्हणजे तुटायची ताकद प्रति चौरस मिमी १००० न्यूटन आणि तिच्या ९० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. ऑफ-रोडला हाच घ्यावा. १२.९ ऐकायला भारी वाटतो पण इतक्या कडक पोलादाला विजेने जस्ताचा मुलामा दिला की हायड्रोजन आत शिरून दांडा ठिसूळ होऊ शकतो, आणि असा दांडा आवळताना नाही, दोन दिवसांनी गाडी उभी असताना तुटतो.

लांबीचा हिशोब फेऱ्यांनी करतात: नट किमान स्टडच्या व्यासाइतका चढला पाहिजे, म्हणजे एम १४ × १.५ ला सव्वानऊच्या थोड्या वर फेऱ्या. जाड अलॉय रिम किंवा स्पेसर (हब आणि रिममधली जाड चकती) टाकला की या फेऱ्या कमी होतात, त्यासाठी लांब स्टड मिळतो. पण बंद टोपीचा नट असेल तर लांब स्टड आत टोपीला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि रिम मात्र हलतेय. नटाची बैठक (६० अंशांचा शंकू, गोल किंवा सपाट) रिमशी जुळायलाच हवी. मुळाजवळच्या दातेरी भागाचा व्यास हबच्या भोकापेक्षा किंचितच मोठा हवा, जुना स्टड काढून कॅलिपरने मोजूनच नवा मागवावा, दुकानदाराच्या 'बसतो हो' वर नाही.

आट्यांना ग्रीस लावायचं का, यावर गॅरेजागणिक मत. पुस्तकातला टॉर्क बहुतेक वेळा कोरड्या आट्यांचा असतो, तेल लावून तोच टॉर्क दिला तर ताण तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो. गोव्यात भर पावसात जी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भरते तसल्या चिखलात चाक परत चढवताना रिम आणि हबमधला चिखल आधी पुसायचा, नाहीतर तो थर दबून निघून जातो आणि ताणही त्याच्याबरोबर. ताजा रंग दिलेल्या रिमचंही तेच, म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासतात. नटाच्या भोकापासून बाहेरच्या बाजूला तांबूस गंजाचे फराटे निघालेले दिसले की तो नट बऱ्याच दिवसांपासून ढिला आहे, आणि त्या चाकाचा एक स्टड तुटला असेल तर शेजारचे दोन्ही, शक्यतो सगळेच, बदलावे लागतात.