शेकडा वीस, पण कशाचे?

एक संख्या २० टक्क्यांनी वाढवा आणि जे उत्तर येईल ते २० टक्क्यांनी कमी करा. काय उरेल? ‘होती तेवढीच!’ असं उत्तर बहुतेक वेळा पटकन येतं. आता १०० घेऊन बघा. वाढून झाले १२०. त्याचे २० टक्के म्हणजे २४. उरले ९६. वाढ १०० वर मोजली होती आणि घट १२० वर, म्हणून दोन ‘वीस टक्के’ सारखे नाहीत. क्रम उलटा केला तरी सुटका नाही: १०० चे ८० झाले, त्यात १६ मिळवले, पुन्हा ९६च. आपण खरं तर १.२ आणि ०.८ यांनी गुणतोय, आणि गुणाकारात आधी कोण नि मागून कोण याने काही बिघडत नाही. अशी तूट नेहमी टक्क्यांच्या वर्गाला १०० ने भागून मिळते. १० टक्क्यांना १, २० ला ४, ५० ला मात्र थेट २५.

माझ्या मते मुलं आकडेमोडीत जितकी चुकतात, त्याहून जास्त ‘कशाचे?’ हे न विचारल्यामुळे चुकतात. काळ-काम-वेगाच्या गणितांत तर हे पावलोपावली दिसतं.

जाताना ताशी ४० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ६०. सरासरी वेग किती? तोंडात ५० येतो. अंतर १२० किलोमीटर धरू (४० आणि ६० चा लसावि, म्हणून सोयीचं). जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ताशी ४८. हळू चालण्यात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४० कडे झुकली. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास केला असता, तर ५० हेच उत्तर बरोबर होतं.

याच जातीचं एक कोडं मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमर यांनी १९३४ मध्ये आइन्स्टाइनना पत्रातून घातलं. जुनी गाडी एक मैलाचा चढ ताशी १५ मैलांनी चढते. पुढचा एक मैलाचा उतार किती वेगाने उतरली, तर सगळ्या प्रवासाची सरासरी ताशी ३० मैल होईल? आपण ४५ म्हणून मोकळे होतो. पण दोन मैल ताशी ३० ने जायला ४ मिनिटं लागतात, आणि ती चारही चढावरच संपलेली आहेत! उतरायला वेळच उरत नाही, हे हिशेब करेपर्यंत आपल्याही लक्षात आलं नाही, असं आइन्स्टाइननी कळवलं.

टाकीचंही तसंच. एक नळ ती ३ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. दोन्ही सोडले तर साडेचार तास, असं कोणी लिहिलं तर त्याला एवढंच विचारावं: दुसरा नळ मदत करतोय की पाणी काढून घेतोय? बेरीज तासांची नाही, तासाभरातल्या कामाची करायची. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश म्हणजे अर्धी टाकी. उत्तर २ तास.

जाता जाता एक. १०० किलो ओल्या वस्तूत ९९ टक्के पाणी आहे. वाळवल्यावर पाणी ९८ टक्के झालं. आता वजन किती? ५० किलो. पाण्याकडे बघत बसलात तर पटणार नाही; सुक्या भागाकडे बघा. तो आधीही १ किलो होता, आताही १ किलोच आहे. फक्त आता तो शेकडा २ आहे.