सॅम्युअल बरिस: १६८ वर्षांनी मिळालेली माफी

२ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील डेलावेअर राज्याचे गव्हर्नर जॅक मार्केल यांनी सॅम्युअल बरिस यांना मरणोत्तर माफी दिली. बरिस दोषी ठरले ते २ नोव्हेंबर १८४७ ला. गुलामांना पळून जायला मदत केली, हा त्यांचा गुन्हा.

डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. तरीही १८६० च्या जनगणनेत तिथे गुलाम १,७९८ आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय जवळपास वीस हजार. उत्तरेची हद्द ओलांडली की पेनसिल्व्हेनिया, तिथे गुलामगिरी नव्हती. त्यामुळे शेजारच्या, गुलामगिरी असलेल्या मेरीलँड राज्यातून निसटणारे बरेच जण याच वाटेने येत. रात्री चालायचे, दिवसा विश्वासाच्या घरात लपायचे. या गुप्त साखळीला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ आणि वाट दाखवणाऱ्याला ‘कंडक्टर’ म्हणत.

केंट काउंटीत १८१३ साली जन्मलेले बरिस स्वतः स्वतंत्र होते. बायकामुलांसह फिलाडेल्फियात सुखाने राहता आले असते. तरी ते पुन्हा पुन्हा डेलावेअरमध्ये शिरत. डिसेंबर १८४५ मध्ये मिडलटाउनजवळ जॉन हन या क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) शेतकऱ्याच्या दारात भल्या सकाळी एक झाकलेली गाडी येऊन थांबली. आत हॉकिन्स दांपत्य आणि त्यांची सहा मुले होती. आणखी चार पुरुष बर्फातून पायी आले होते आणि त्यांना घेऊन येणारे होते बरिस. हॉकिन्स कुटुंब पकडले गेले, पण विल्मिंग्टनचे लोखंडाचे व्यापारी थॉमस गॅरेट यांच्या खटपटीने सुटले आणि पेनसिल्व्हेनियात पोचले.

१८४७ मध्ये मारिया मॅथ्यूज नावाच्या स्त्रीला पळून जायला मदत करताना बरिस सापडले. डोव्हरच्या तुरुंगात त्यांना महिनोन्‌महिने डांबले. शिक्षा झाली ती अशी: दंड, तुरुंगवास आणि त्यानंतर लिलावात विक्री. दक्षिणेत नेऊन विकणारे व्यापारी बोलीला हजर होते. त्यांच्यातच आयझॅक फ्लिंट उभे होते. गुलामगिरीविरोधी मंडळींनी वर्गणी काढून त्यांना व्यापाऱ्याच्या सोंगात पाठवले होते. सोंग वठावे म्हणून फ्लिंट यांनीही इतरांसारखे बरिस यांचे हातपाय चाचपून पाहिले आणि पाचशे डॉलरला सौदा केला. हा माणूस आपलाच, हे बरिस यांना कळले ते लिलावाच्या जागेपासून थोडे दूर गेल्यावर, कानात कुजबुजल्यावर. तोवरची ती काही मिनिटे त्यांनी कशी काढली असतील!

हॉकिन्स प्रकरणात १८४८ साली हन आणि गॅरेट यांच्यावरही खटले चालले. समोर न्यायाधीश होते रॉजर टेनी, नऊ वर्षांनी ड्रेड स्कॉट खटल्यात ‘कृष्णवर्णीय अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत’ असा कुप्रसिद्ध निकाल देणारे. दोघांना जबर आर्थिक भुर्दंड बसला आणि त्याची झळ त्यांनी पुढे वर्षानुवर्षे सोसली. पण त्यांना कोणी लिलावाच्या फळीवर चढवले नाही. ते गोरे होते. बरिस यांनी एकाच कामासाठी कितीतरी मोठा धोका पत्करला होता, आणि स्मरणात मात्र ते मागे राहिले. विल्मिंग्टनच्या नदीकाठच्या उद्यानाला अंडरग्राउंड रेलरोडच्या प्रसिद्ध कंडक्टर हॅरिएट टबमन आणि गॅरेट यांचे नाव आहे, ते रास्तच. बरिस यांना त्यांच्याच राज्यात बहुतेकांनी ओळखले ते माफीच्या बातमीमुळे.

लिलावाची हकीकत आज माहीत आहे ती विल्यम स्टिल यांनी १८७२ साली अंडरग्राउंड रेलरोडवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली म्हणून. पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या लोकांत बरिस यांनाही धरायला हवे. लिलावातून सुटल्यावर ते कॅलिफोर्नियात गेले आणि १८६३ साली सॅन फ्रान्सिस्कोत वारले. डेलावेअरमध्ये गुलामगिरी त्यानंतरही दोन वर्षे चालूच होती, आणि ती संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्या राज्याने मान्यता दिली थेट १९०१ मध्ये.

माफीची मागणी हन आणि गॅरेट यांच्यासाठीही झाली होती. मात्र त्यांचे खटले संघराज्याच्या न्यायालयात चालले होते, त्यामुळे ते राज्याच्या गव्हर्नरच्या अधिकारात बसत नव्हते.