काचपेटीतील जिवंत गवत

काचपेटीतील जिवंत गवत : विंचू किंवा कोळी पाळण्याच्या काचेच्या पेटीत, म्हणजे टेरारियममध्ये, प्लॅस्टिकच्या पानांऐवजी खरे गवत रुजवून वाढवण्याची पद्धत. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. अडचण अशी की गवताला उजेड आणि पाणी हवे असते, तर विंचवाला अंधार. आणि पाळल्या जाणाऱ्या बऱ्याच जातींना कोरडी जमीनही लागते. एकाच काचेत या दोघांचा संसार लावून देणे हेच या पद्धतीतले खरे काम.

टेरारियमचा इतिहास योगायोगाने गवत आणि कीटक यांच्यापासूनच सुरू होतो. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून बाटली झाकून टाकली. पतंगाची वाट पाहत असताना मातीतून एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवले. शहराच्या धुरकट हवेत जे नेचे जगत नव्हते ते बंद काचेत वर्षानुवर्षे टिकले; गवताला तर एकदा फुलोराही आला. पुढे झाकण गंजून पावसाचे पाणी आत शिरले आणि दोन्ही झाडे मेली. जास्तीच्या पाण्याने काचपेटी बिघडण्याची ही पहिली नोंद म्हणायला हरकत नाही. अशा पेट्यांतून वॉर्ड यांनी 1833 मध्ये नेचे आणि गवते जहाजाने सिडनीला पाठवली.

कोणत्या प्राण्याच्या पेटीत गवत लावावे हे त्याच्या मूळ ठिकाणावरून ठरते. पश्चिम आफ्रिकेतील जंगलांत आणि गवताळ माळांवर राहणारा एम्परर विंचू दमट हवेत रमतो, त्यामुळे त्याच्या पेटीत गवत जगते. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या गवताळ प्रदेशातील ग्रामोस्टोला पुल्क्रा या काळ्या टॅरॅन्टुलालाही, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यालाही, गवत शोभते, मात्र त्याच्या पेटीचा बराच भाग कोरडा राहायला हवा. अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातील मोठ्या केसाळ विंचवाच्या पेटीत मात्र गवत लावूच नये. गवत जगवण्यासाठी जेवढे पाणी घालावे लागेल तेवढ्या ओलाव्यात तो विंचू आजारी पडेल.

सर्वांत सहज उगवणारे गवत म्हणजे गहू. रात्रभर भिजवून पेरला की दोन-तीन दिवसांत कोंब दिसतो आणि आठ-दहा दिवसांत वीतभर हिरवळ होते. महाराष्ट्रात हे वेगळे सांगायला नको. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत किती वाढते ते घरोघरी पाहिलेले असते. देवघराच्या अंधारात ते धान पिवळे, लांब आणि लेचेपेचे होते, कारण उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. काचपेटीतही नेमके हेच घडते. म्हणून पेटीवर रोज दहा-बारा तास पांढरा एलईडी दिवा लावतात, आणि विंचवासाठी झाडाची साल किंवा खापर ठेवून गडद अंधाराची एक जागा राखतात. जांभळ्या अतिनील दिव्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो, पण हौसेपोटी तो दिवा तासन् तास लावून ठेवणे चांगले नाही.

गहू फार काळ टिकत नाही. काही आठवड्यांत तो पिवळा पडून आडवा होतो आणि सडू लागला की बुरशी धरते. मग हरळी का लावू नये? हरळी बहुवर्षायू खरी, पण तिला भरपूर ऊन लागते. शेतात नांगरालाही दाद न देणारी हरळी काचेआडच्या सावलीत विरळ होत जाते. कायमची हिरवाई हवी असेल तर अनेक जण मोंडो गवत लावतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते गवतच नव्हे, पण सावलीत तग धरते.

गवत थेट मातीत पेरण्यापेक्षा छोट्या कुंडीत वाढवून ती कुंडी काठापर्यंत मातीत पुरणे अधिक शहाणपणाचे. विंचू बीळ खणताना रोपे मुळासकट उपटतो. कुंडीतली मुळे वाचतात. पाणी फक्त कुंडीत घालता येते, बाकीची माती कोरडी राहते. दोन कुंड्या असल्या की एक पेटीत आणि दुसरी खिडकीत, अशी अदलाबदलही करता येते. गवत बुडापासून वाढत असल्याने शेंडे कापले तरी चालतात. टॅरॅन्टुलाच्या पेटीत ते कापावेच, कारण उंच गवतात त्याचे भक्ष्य, म्हणजे रातकिडे, दडून बसतात आणि कोळी उपाशी राहतो. शिवाय रातकिडे कोवळे कोंब खातात ते वेगळेच.

गवताचा प्राण्याला उपयोग किती, यावर थोडा संयम बाळगलेला बरा. दमट रात्री पात्यांच्या टोकांवर येणारे पाण्याचे थेंब लहान कोळी पितात, आणि जाळे बांधायला आधार मिळतो, एवढे खरे. पण विंचवाला लागते ते खोल मातीचे बीळ; हिरवळ बरीचशी पाळणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते.

बियाणे कुठून आणले यावर पुष्कळ अवलंबून आहे. कृषी दुकानातील लाल-गुलाबी रंगाचे बियाणे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते, ते पेटीत नको. किराणा दुकानातला साधा गहू चांगला. गवतावर लाल कोळी पडला तर कोळीनाशक फवारण्याचा मोह होईल. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतो तो खरा कोळी नव्हे, पण त्याच अष्टपाद वर्गातला आहे. त्याला मारणारे औषध पेटीतल्या धन्यालाही बाधू शकते. अशा वेळी कुंडीच बाहेर काढावी.

दाट गवतात विंचू नेमका कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून कापणी आणि पाणी घालणे हात दूर ठेवून, लांब साधनांनी करतात. कोकणात सापडणारा लाल विंचू तर हौसेने पाळण्याचा प्राणीच नव्हे. त्याच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसे दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केल्यावर ते प्रमाण खूप कमी झाले. एम्परर विंचू त्या मानाने सौम्य, पण तो वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने भारतात बाळगायचा तर नोंदणी करावी लागते.

प्राणी कात टाकण्याच्या बेतात असला, म्हणजे खाणे सोडून बिळात बसला, की कुंडी बदलणे, कापणी, सारे थांबवतात. त्या दिवसांत गवत वाळले तरी वाळू देतात.