इतिहास विषयातील पीएच.डी. (महाराष्ट्र)

इतिहासातील स्वतंत्र संशोधनावर प्रबंध सादर करून मिळवायची विद्यापीठीय पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार मुदत किमान 3 आणि कमाल 6 वर्षे असते. फेरनोंदणी करून ती आणखी 2 वर्षे वाढवता येते. प्रवेशासाठी साधारणतः एम.ए.ला 55 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात 5 टक्क्यांची सवलत आहे. सुरुवातीला कोर्सवर्क (संशोधनपद्धतीचे वर्ग), मग सिनॉप्सिसला (संशोधनाच्या आराखड्याला) मान्यता, लेखन, प्रबंधाचे बाह्य परीक्षण आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा (व्हायवा) असा क्रम असतो. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलेला असण्याची सक्ती याच नियमावलीने काढली.

कागदावरचे हे वेळापत्रक दप्तरखान्यात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, मात्र कोलमडते. मराठेशाहीवर काम करायचे तर त्या काळच्या कागदांची मोडी लिपी वाचता आलीच पाहिजे. मुघल वा आदिलशाही बाजू पाहायची तर फारसी आणि गोव्यासाठी पोर्तुगीज लागते. भाषा आधी आणि विषय मागाहून, हाच शहाणा क्रम. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटे करतात आणि पहिले वर्षभर बाराखडी गिरवत बसतात.

मोडी लपेटीने, बहुधा शब्द न तोडता लिहिलेली असते. अक्षर लागले तरी तारीख अडते. ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी अंक एकं, दहं, शतं, सहस्र अशा चढत्या क्रमाने येतात : 1, 60, 100, 1000, म्हणजे सुहूर सन (मराठी कागदांतली एक जुनी कालगणना; ‘सु॥’ हे तिचेच संक्षिप्त रूप) 1161. सुहूर वर्ष मृग नक्षत्राच्या आरंभी बदलते. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राच्या सुहूर सनात 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राच्या सनात 600. पानिपतची लढाई (14 जानेवारी 1761) याच सुहूर वर्षातली. येथे चूक झाली की पत्र थेट वेगळ्या इसवी सनात जाऊन पडते आणि त्यावर रचलेला युक्तिवादही त्याच्यामागे जातो.

कागदपत्रांसाठी पुणे व मुंबईचे पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) आणि पणजीचे गोवा पुराभिलेखागार ही नेहमीची ठिकाणे. पुण्यातल्या पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल सोडला की हिशेब, निवाडे, इनामपत्रे असे काय काय निघते. हवा तो कागद क्वचितच वर असतो. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी या दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. अनेक प्रबंध त्या छापील खंडांवरच उभे राहतात. त्यात गैर काही नाही, पण निवड संपादकाची आहे, एवढे भान हवे.

खर्चासाठी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती), तसेच भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आणि बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था यांच्या अधिछात्रवृत्त्यांचा आधार असतो. अनेक संशोधक तासिका तत्त्वावर शिकवत शिकवतच काम रेटतात आणि दप्तरखाना सुट्ट्यांपुरता उरतो. म्हणून विषयाचा काळ नि प्रदेश जितका आटोपशीर, तितका प्रबंध पुरा होण्याचा संभव जास्त. ‘मराठाकालीन शेती’पेक्षा एखाद्या परगण्याची वीस वर्षांची जमाबंदी (शेतसाऱ्याची आकारणी) केव्हाही बरी.

परीक्षण यशस्वीपणे पार पडल्यावर, पदवी जाहीर होण्याआधी, प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहासाठी दिली जाते. नव्याने विषय निवडणाऱ्याने पहिला फेरफटका तिथेच मारावा, कारण आपल्या परगण्यावर आधीच कोणी बसलेले असू शकते.