स्थूलता, बालवयातील : कुटुंबाधारित उपचार व त्यांचे दीर्घकालीन परिणाम (खानदेश)

मुलाचे वजन वय व उंचीच्या मानाने वाढलेले असताना त्या एकट्याला पथ्यावर बसवण्याऐवजी सगळ्या घराचे खाणे, हालचाल आणि झोपेच्या वेळा एकत्र बदलण्याची उपचारपद्धती. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढतक्ते वापरतात. त्यांत प्रौढांच्या २३ व २७ या देहभारांकांशी (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) जुळणाऱ्या रेषा अनुक्रमे अतिवजन व स्थूलता दर्शवतात.

उगम साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील, अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील लिओनार्ड एपस्टाइन व सहकाऱ्यांच्या कामात मानला जातो. मुलांच्या वजनासाठी पालकांना प्रशिक्षण देण्याचे छोटे प्रयोग १९७५ च्या सुमारासही झाले होते, त्यामुळे एपस्टाइन यांना ‘जनक’ म्हणण्यापेक्षा पद्धतीला शिस्तबद्ध रूप देणारे म्हणणे अधिक योग्य. पदार्थांची हिरवा, पिवळा व लाल अशी सिग्नलच्या दिव्यांप्रमाणे वर्गवारी त्यांच्याच कार्यक्रमातून रूढ झाली.

त्यांच्या मूळ चाचणीची रचना नीट समजून घ्यावी लागते, कारण उपचार मुलावर करावा की पालकांवर, हा पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. सहा ते बारा वर्षांची मुले व त्यांचे स्थूल पालक यांचे तीन गट केले. आहार, व्यायाम व सवयींचे शिक्षण तिन्ही गटांना सारखेच मिळाले. फरक होता तो बक्षीस कशासाठी, याचा. पहिल्या गटात मूल व पालक दोघांच्याही वजनघटीला, दुसऱ्यात फक्त मुलाच्या, तिसऱ्यात केवळ हजेरीला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटातील मुलांचे अतिवजनाचे प्रमाण (वय व उंचीच्या मानाने सरासरी वजनापेक्षा किती टक्के जास्त) सुरुवातीपेक्षा ७.५ टक्क्यांनी कमी होते, दुसऱ्यात ४.५ व तिसऱ्यात १४.३ टक्क्यांनी वाढलेले होते. पालकांच्या स्वतःच्या वजनात असा फरक टिकला नाही. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी मुलाला बैठकीला न आणता फक्त पालकांनाच शिकवले. सात वर्षांनी त्या मुलांचे अतिवजन सरासरी २९ टक्क्यांनी, तर केवळ मुलांना शिकवलेल्या गटात सुमारे २० टक्क्यांनी घटलेले आढळले. दोन्ही चाचण्या लहान आहेत. तरीही सूत्र पालकांच्या हाती असावे, हा त्यांतला समान धागा ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

मोठ्या संकलनात परिणाम बराच बारीक दिसतो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांवरील ७० चाचण्यांच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) उपचार व तुलना गटांच्या देहभारांकातील सरासरी फरक ०.५३ एवढाच निघाला. पण आरोग्य म्हणजे केवळ काट्यावरचा आकडा नव्हे. चार दीर्घ पाहण्या एकत्र करणाऱ्या २०११ च्या अभ्यासात, बालपणी वजन जास्त पण प्रौढपणी स्थूल नसलेल्यांचा मधुमेह, उच्च रक्तदाब इत्यादींचा धोका कधीच स्थूल नसलेल्यांच्या जवळपास आढळला. स्वीडनमधील उपचार-नोंदवहीवर आधारलेल्या २०२५ च्या अभ्यासातही उपचाराला चांगला प्रतिसाद देणाऱ्या मुलांमध्ये तरुणपणी मधुमेह व मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. नैराश्य व चिंता यांच्या बाबतीत मात्र तसा लाभ दिसला नाही.

भारतीय शरीराचा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीत जन्मापासून पाहिलेल्या गटाच्या २००४ च्या अहवालानुसार, तरुणपणी रक्तातली साखर बिघडलेले लोक दोन वर्षांपर्यंत बहुधा हडकुळे होते व नंतर त्यांचा देहभारांक भराभर चढला. बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही स्थूल नव्हता. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेले ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ याच चित्राचा आरंभ आहे. म्हणून खानदेशात नंदुरबारचे कुपोषण आणि जळगाव-धुळे शहरांतील गुबगुबीत मूल या दोन वेगळ्या गोष्टी मानणे चुकीचे ठरते. बारीक जन्मलेल्या मुलाला ‘बाळसं धरू दे’ म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी तूप-साखर भरवणे, हीच या दोहोंमधली वाट असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ वरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले.

खानदेशी स्वयंपाकघराला हिरवा-पिवळा-लाल हे वर्ग लावणे अवघड नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा, मुळा हे हिरव्याजवळचे, जर भरितावरची तेलाची फोडणी आवरली तर. शेवभाजी लालमध्ये जाते, कारण शेव तळलेली आणि रश्श्यावर बोटभर तवंग. वरण-बट्टीच्या पंगतीत आजी बट्टी कुस्करून नातवाच्या ताटात तुपाची धार सोडते, ‘आणखी थोडं’ म्हणत पुन्हा सोडते, आणि नको म्हणणे तिचा अपमान ठरते. कार्यक्रमाच्या बैठकीला आईसोबत आजीनेही यावे, हे खानदेशापुरते अनिवार्य मानावे. केळी गोड असली तरी वर्ज्य नाहीत. केळीचे वेफर्स मात्र तळलेले असतात.

मैदानी खेळाचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे ठेवावे लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा खेळ सकाळी लवकर आणि दिवेलागणीनंतरच शक्य असतो.